गावाची सुरक्षितता आणि राजकीय सहमती : महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेच्या संदर्भात

प्रस्तावना :

ग्रामीण भागातील सार्वजनिक सुरक्षितता हा विषय सामान्यतः पोलीस खात्याच्या कक्षेतील मानला जातो. भारतीय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार 'पोलीस' व 'सार्वजनिक सुव्यवस्था' हे राज्यसूचीतील विषय आहेत. २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय नमूद केले. त्यांत पोलिसांचा समावेश नाही. तथापि खेड्यातील हिंसेचे मूळ बहुधा बांध, पाणंद, विहिरीचे पाणी, भाऊबंदकीतील वाटणी, निवडणुकीतील वैर अशा स्थानिक कारणांत असते. म्हणजे कारण गावात आणि अधिकार गावाबाहेर, अशी ही स्थिती आहे. ही दरी भरून काढण्याचा महाराष्ट्रातील सर्वांत मोठा प्रयत्न म्हणजे महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम होय. या मोहिमेच्या आधारे गावपातळीवरील राजकीय सहमती सुरक्षिततेला कितपत उपकारक ठरते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी :

पूर्वी गावाच्या बंदोबस्ताची जबाबदारी वंशपरंपरागत पाटलाकडे होती. १९६२ च्या कायद्याने वतनी पाटीलकी संपुष्टात आली आणि महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ नुसार शासननियुक्त पोलीस पाटील हे पद अस्तित्वात आले. गुन्ह्याची खबर देणे, संशयितांवर लक्ष ठेवणे व पोलिसांना साहाय्य करणे ही त्याची प्रमुख कर्तव्ये होत. परिणामी गावात दोन प्रकारच्या सत्ता निर्माण झाल्या. सरपंच मतदारांना जबाबदार, तर पोलीस पाटील शासनाला जबाबदार. या दोघांचे गट भिन्न असल्यास साधी भांडणेही विकोपाला जातात, हा अनुभव नवा नाही.

मोहिमेचे स्वरूप :

तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने १५ ऑगस्ट २००७ रोजी ही मोहीम सुरू झाली. ग्रामविकास खाते सांभाळताना त्यांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान राबविले होते. लोकसहभाग, गावागावांतील स्पर्धा आणि पुरस्कार हे त्या अभियानाचे सूत्र येथेही वापरण्यात आले. ग्रामसभेने तंटामुक्त गाव समिती निवडावी. तिच्यात लोकप्रतिनिधी, पोलीस पाटील, शासकीय कर्मचारी, महिला व गावातील प्रतिष्ठित व्यक्ती असाव्यात. समितीने दिवाणी, महसुली व फौजदारी तंट्यांची नोंद करून ते सामोपचाराने मिटवावेत आणि नवे तंटे उद्भवू नयेत म्हणून सण-उत्सव व निवडणुका शांततेत पार पाडाव्यात, अशी योजना होती. पात्र गावांना लोकसंख्येच्या प्रमाणात पुरस्काराची रक्कम ठरविण्यात आली.

ग्रामपंचायतीच्या निवडणुका पक्षचिन्हावर होत नाहीत. त्या पॅनेलच्या नावाने लढविल्या जातात. त्यामुळे समितीच्या रचनेत परस्परविरोधी पॅनेलच्या माणसांना एकत्र बसणे भाग पडले. सरपंचाची थेट निवड २०१७ मध्ये सुरू झाली, २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा लागू झाली. थेट निवडीत सरपंच एका गटाचा व बहुसंख्य सदस्य दुसऱ्या गटाचे, असे घडू शकते. अशा गावात सहकार्याची गरज अधिकच तीव्र होते.

सहमतीचे लाभ :

मोहिमेच्या समर्थकांचा युक्तिवाद दुर्लक्षिण्याजोगा नाही. बांधाचा दावा न्यायालयात वर्षानुवर्षे चालतो. वकिलाची फी, तालुक्याच्या फेऱ्या आणि बुडालेली मजुरी यांत दोन्ही पक्ष पिचतात. प्रत्यक्ष शेतावर जाऊन, मोजणीचा नकाशा पाहून व शेजाऱ्यांचे म्हणणे ऐकून समितीने केलेली तडजोड स्वस्त तर असतेच, शिवाय पुढील मारामारीही टळते. एखाद्या गावात मिरवणुकीचा मार्ग दोन्ही गटांनी आधी ठरविला, तर बंदोबस्ताचा निम्मा प्रश्न तेथेच सुटतो.

सहमतीच्या मर्यादा :

१) कायद्याची मर्यादा – समिती म्हणजे न्यायालय नव्हे. कोणते गुन्हे तडजोडीने मिटविता येतात, हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२० मध्ये निश्चित केले होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ मध्ये ती तरतूद आहे. बलात्कार, खून किंवा अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार यांसारखे गुन्हे गावाने मिटवावयाचे नसतात. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळताच प्रथम खबर नोंदविणे पोलिसांवर बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या ललिता कुमारी खटल्यात स्पष्ट केले. परंतु मिटविलेल्या तंट्यांच्या संख्येवर गावाची प्रतिष्ठा अवलंबून असेल, तर पोलीस ठाण्यात जाणारी व्यक्तीच गावाची शांतता बिघडविणारी ठरण्याचा धोका संभवतो.

२) उपस्थितीची मर्यादा – ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल, तेवढी असते. तहकूब सभेला तर गणपूर्तीची आवश्यकताच नसते. म्हणून ज्या ठरावाला 'एकमताने मंजूर' म्हटले जाते, तो पुष्कळदा उपस्थितांपुरता मर्यादित असतो. रोजंदारीवर गेलेला मजूर आणि घराबाहेर न पडू शकलेली स्त्री यांचे मौन संमतीत मोजले जाते.

३) एकीची विकृती – एकमत विकतही घेता येते. सरपंचपदाचा लिलाव झाल्याचे आढळल्यामुळे राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातील उमराणे व नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या ग्रामपंचायतींच्या निवडणुका रद्द केल्या. बाहेरून 'बिनविरोध' दिसणारी निवडणूक प्रत्यक्षात मताधिकाराची विक्री असू शकते, हे त्यातून उघड झाले.

याहून गंभीर बाब म्हणजे गावाची एकी दुर्बलांविरुद्धही उभी राहू शकते. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे एका दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली. त्या वैरामागे जमिनीचाही वाद होता. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भटक्या समाजातील पाच जणांचा जीव घेतला. त्यांना मारहाण झाली ती ग्रामपंचायतीच्या कार्यालयात. ज्या वास्तूत सुरक्षिततेचे ठराव व्हावयाचे, तीच असुरक्षित ठरली. सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा २०१६ चा महाराष्ट्राचा कायदाही हेच सुचवितो की, गावाच्या वा जातीच्या एकमतापासून व्यक्तीला संरक्षणाची गरज असते.

गुप्त मतदानाचा मार्ग :

महाराष्ट्रातच या प्रश्नाचे वेगळे उत्तर उपलब्ध आहे. दारूच्या दुकानांविषयीच्या २००८ च्या आदेशानुसार किमान २५ टक्के महिला मतदारांनी अथवा एकूण मतदारांनी मागणी केल्यास मतदान घेतले जाते. 'उभी बाटली' व 'आडवी बाटली' या चिन्हांवर ते गुप्तपणे होते आणि एकूण मतदारांपैकी ५० टक्क्यांहून अधिक मते आडव्या बाटलीला मिळाल्यास दुकान बंद होते. दारू हा अनेक स्त्रियांच्या दृष्टीने घरातील मारहाणीचा, म्हणजे सुरक्षिततेचाच प्रश्न असतो. चावडीवर सासरा, दीर व दुकानमालक यांच्यासमोर जे बोलता येत नाही, ते मतपत्रिकेवर नोंदविता येते. गैरहजर मतदार येथे ठरावाच्या बाजूने धरला जात नाही. त्यामुळे ही अट कठीण ठरते व काही गावांत अपयशही येते. परंतु मिळालेला कौल निर्विवाद असतो.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) जमीन, पाणी, रस्ता यांसारख्या तंट्यांत आणि उत्सवांच्या नियोजनात परस्परविरोधी गटांचे सहकार्य सुरक्षिततेला निश्चितच पोषक ठरते.

२) तडजोडीस अपात्र गुन्हा समोर येताच समितीने तो पोलिसांकडे सोपविला पाहिजे. अशी नोंद हा गावाच्या मूल्यमापनात दोष न मानता गुण मानला जावा.

३) ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची कायद्यातील तरतूद सुरक्षिततेच्या विषयांबाबत काटेकोरपणे पाळली जावी आणि तिचे मत इतिवृत्तात नोंदविले जावे.

४) ज्या प्रश्नात उघड बोलणाऱ्यास धोका आहे, तेथे हात वर करून घेतलेल्या एकमतापेक्षा गुप्त मतदान अधिक विश्वासार्ह आहे.

सारांश, गावात तंटा नोंदला गेला नाही एवढ्यावरून गाव सुरक्षित ठरत नाही. गावातील सर्वांत एकाकी माणसाला 'मला ही तडजोड मान्य नाही' असे म्हणता येते काय आणि तसे म्हटल्यानंतरही त्याला त्याच गावात निर्धास्तपणे राहता येते काय, हीच तंटामुक्तीची खरी कसोटी होय.