खेळ नेमका अडकतो कुठे?

“सर, माझा गेम अडकतो. नेटचा प्लॅन बदलू, की नवीन ग्राफिक्स कार्ड घेऊ?”

मे महिन्याच्या सुट्टीत चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या एखाद्या विद्यार्थ्याने असा प्रश्न विचारला, तर ‘खेळ बंद कर आणि अभ्यासाला बस’ असे सांगून आपण मोकळे होऊ शकतो. पण या प्रश्नाच्या उत्तरावर पालकांचे काही हजार रुपये अवलंबून असतात. शिवाय उत्तर शोधायची रीत ही विज्ञानाचीच रीत आहे. तेव्हा थोडे थांबून पाहू या.

चित्रपटात एका सेकंदात २४ स्थिर चित्रे डोळ्यांसमोरून जातात आणि आपल्याला हालचालीचा भास होतो. ही चित्रे आधीच तयार असतात. संगणकावरील खेळात मात्र पुढचे चित्र कसे असेल, हे खेळणाऱ्याच्या बोटांवर ठरते. त्यामुळे प्रत्येक चित्र त्या क्षणी गणित करून काढावे लागते. एका सेकंदात अशी किती चित्रे तयार होतात, त्या संख्येला ‘फ्रेम रेट’ म्हणतात. आपण तिला चित्रगती म्हणू. चित्रगती ६० असेल, तर एका चित्रासाठी १००० ÷ ६०, म्हणजे सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात काम झाले नाही की खेळ अडखळतो.

नेटचा दोष की संगणकाचा?

अनेक जण मिळून खेळायच्या ऑनलाइन खेळात दोन वेगळ्या गोष्टींची नेहमी गल्लत होते. चित्रे काढतो आपला संगणक. इतर खेळाडू कुठे आहेत ही माहिती येते दूरच्या सर्व्हरकडून. माहितीला जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळाला ‘पिंग’ म्हणतात.

चंद्रपूर ते मुंबई हे सरळ रेषेतले अंतर जवळजवळ ७०० कि.मी. आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख कि.मी. जातो. म्हणजे १४०० कि.मी.च्या जाण्यायेण्याला निदान ७ मिलिसेकंद हवेत. सर्व्हर सिंगापूरला, सुमारे ३४०० कि.मी.वर असेल, तर ३४ मिलिसेकंद. प्रत्यक्षात तंतू सरळ रेषेत जात नाहीत आणि वाटेतल्या प्रत्येक ठिकाणी थोडे थांबावे लागते, म्हणून पिंग याहून बरेच जास्त असते. भामरागड किंवा एटापल्लीच्या जंगलात मोबाइलचा संकेत क्षीण असेल, तर हरवलेली माहिती पुन्हा मागवावी लागते आणि पिंग आणखी वाढते.

दोष कुठला, हे ओळखायची खूण सोपी आहे. आपण मान वळवल्यावर सगळे दृश्यच अडखळत फिरत असेल, तर चित्रगती कमी आहे. आपले दृश्य झरझर फिरते, पण इतर खेळाडू एका जागेवरून गुप्त होऊन दुसरीकडे प्रकटतात, तर दोष बहुधा नेटचा आहे. पहिल्या प्रकारात महागडा नेट-प्लॅन घेऊन उपयोग नाही आणि दुसऱ्या प्रकारात ग्राफिक्स कार्ड घेऊन उपयोग नाही.

रोवणीचे उदाहरण

समजा, दोष चित्रगतीचा आहे. संगणकात चित्र दोन टप्प्यांत तयार होते. मुख्य प्रोसेसर कोण कुठे आहे, कोणाची गोळी कुठे लागली, याचा हिशेब करतो. ग्राफिक्स प्रोसेसर त्यावरून प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरवतो.

हे धानाच्या रोवणीसारखे आहे. काही बाया पऱ्हे उपटून देतात, काही बांधीत रोवतात. पऱ्हे उपटणाऱ्या कमी पडत असतील, तर रोवणाऱ्या दुप्पट केल्या तरी काम पुढे सरकत नाही. त्या धुऱ्यावर बसून राहतील. सर्वांत मंद टप्पाच कामाची गती ठरवतो.

मंद टप्पा कोणता, हे पैसे न खर्चता समजते. पडद्यावरील १९२० × १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपक्यांऐवजी खेळाच्या सेटिंगमध्ये १२८० × ७२० म्हणजे ९,२१,६०० ठिपके निवडा. ग्राफिक्सचे काम सव्वादोन पटींनी घटले. चित्रगती चांगली वाढली, तर अडचण ग्राफिक्सची होती. मग सावल्या व प्रतिबिंबे यांची पातळी उतरवली तरी बराच फरक पडतो. चित्रगती जवळजवळ तेवढीच राहिली, तर मुख्य प्रोसेसर किंवा स्मृती कमी पडते आहे. अशा वेळी मागे चालू असलेले इतर प्रोग्रॅम बंद करावेत. रॅमची एकच पट्टी असेल, तर तेवढ्याच क्षमतेच्या जोडीच्या दोन पट्ट्या बसवल्यास माहिती दोन वाटांनी येऊ लागते. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकात याचा फायदा विशेष दिसतो.

लॅपटॉपच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहावी. वीज गेल्यावर तो बॅटरीवर चालू लागतो आणि शक्ती वाचवण्यासाठी बहुधा आपला वेग स्वतःच कमी करतो.

उन्हाळ्याचा हिशेब

आता आपल्या भागातील खरे दुखणे पाहू. २०१९ च्या मे महिन्यात चंद्रपूरचे तापमान ४७ अंश सेल्सियसच्या वर गेले होते. सकाळी खेळ नीट चालतो, दुपारी अर्ध्या तासाने अडखळू लागतो, ही तक्रार अशा दिवसांतली असेल, तर तिचे कारण भौतिकशास्त्राच्या पुस्तकात सापडते.

गरम वस्तूकडून हवेकडे जाणारी उष्णता त्या दोघांच्या तापमानातील फरकाच्या प्रमाणात असते. अनेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास पोचले की जळू नये म्हणून आपला वेग घटवतात. ही मर्यादा ९५ धरू. खोलीत २५ अंश असतील, तर फरक ७०. खोलीत ४२ अंश असतील, तर फरक ५३. म्हणजे तोच पंखा, त्याच वेगाने फिरून, दुपारी सुमारे तीन-चतुर्थांश उष्णताच बाहेर काढू शकतो. त्यात घुग्घुस-बल्लारपूरकडची कोळशाची किंवा गडचांदूरकडची सिमेंटची धूळ पंख्याच्या जाळीत अडकली, तर हवाच पुढे जात नाही. लॅपटॉप गादीवर ठेवला, तर खालची भोके बुजतात. मग प्रोसेसर कधी मंद, कधी जलद असा हिंदकळत राहतो.

यावरचा एक उपाय ऐकायला उलटा वाटेल : चित्रगती थोडी कमी करा! प्रोसेसरची उष्णता त्याच्या वेगाच्या आणि विद्युतदाबाच्या वर्गाच्या गुणाकारावर अवलंबून असते. वेग व दाब दोन्ही १० टक्क्यांनी उतरवले, तर ०.९ × ०.९ × ०.९ = ०.७२९. वेगात तोटा १० टक्क्यांचा, पण उष्णता २७ टक्क्यांनी कमी. पडदा सेकंदाला ६० वेळाच बदलणारा असेल, तर ९० चित्रे काढून उपयोग थोडा आणि ताप फार. खेळाच्या सेटिंगमध्ये ६० ची मर्यादा घातली, की प्रोसेसरला उसंत मिळते आणि ती गती शेवटपर्यंत टिकण्याची शक्यता वाढते.

कूलरचाही उपयोग होतो. मेच्या कोरड्या हवेत ताट्यांवरचे पाणी बाष्प होताना हवेतील उष्णता घेते. खोली ४२ वरून ३२ वर आली, तर फरक ५३ चा ६३ होतो. म्हणजे उष्णता सुमारे एक-पंचमांश जास्त बाहेर पडते. मात्र संगणक कूलरच्या झोतासमोर ठेवू नये, पाण्याचे तुषार आत जातात. धूळ काढताना वीज बंद करून, पंख्याची पाती बोटाने धरून, मऊ ब्रशने काढावी. वीज पुरवणारी बंद पेटी मात्र कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही तिच्यात धोकादायक विद्युतभार राहू शकतो.

वर्गासाठी प्रयोग

विद्यार्थ्यांना वहीत तक्ता करायला सांगावा : वेळ, खोलीचे तापमान, प्रोसेसरचे तापमान, चित्रगती, पिंग. पुष्कळ खेळ शेवटचे दोन आकडे पडद्यावर दाखवतात. प्रोसेसरचे तापमान दाखवणारे प्रोग्रॅम फुकट मिळतात. ऑनलाइन सामना दर वेळी वेगळा असतो. कधी चार खेळाडू समोर येतात, कधी चाळीस. म्हणून तुलना सरावाच्या मैदानावर, त्याच जागी उभे राहून करावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक मोजणी तीनदा घ्यावी.

सरासरीवरही विसंबू नये. अर्ध्या सेकंदात ५९ चित्रे आली आणि साठाव्याला उरलेला अर्धा सेकंद लागला, तरी सरासरी ६०च भरते. खेळणाऱ्याला मात्र तो अर्धा सेकंदच आठवतो. म्हणून सर्वांत मंद चित्रांची वेगळी नोंद हवी.

सकाळी सहाची आणि दुपारी तीनची मोजणी शेजारी शेजारी मांडली, की विद्यार्थ्याचा प्रश्न बदलतो. ‘काय विकत घेऊ?’ ऐवजी ‘अडते कुठे?’ असे तो विचारू लागतो. मग कधी रॅमची पट्टी लागेल, कधी खरोखरच नवे कार्ड लागेल. कधी मात्र दहा रुपयांचा ब्रशही पुरेल. ते तक्त्यावरून त्यानेच ठरवावे, आणि आपण तक्ता तपासून द्यावा.