रायबोसोम कोण घडवतो?

भिवपुरीला वीजघर आहे. आंध्रा नदीचे अडवलेले पाणी सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यातून येते, मोठ्या नळांतून डोंगर उतरते आणि पायथ्याशी जनित्रे फिरवते. १९२२ सालापासून हे चालू आहे. त्यामुळे ‘तंतुकणिका म्हणजे पेशीचे वीजघर’ हे पाठ्यपुस्तकातील वाक्य तेथील मुलांना समजावून सांगावे लागत नाही. या भागातील विज्ञान शिक्षकांबरोबर आम्ही एक दिवस काढला होता. पेशीची अंगके शिकवावीत कशी, असा विषय होता. तंतुकणिका झाली, रायबोसोम म्हणजे प्रथिनांचा कारखाना हेही झाले, आणि मागच्या बाकावरून एका बाईंनी विचारले, “सर, आमचे वीजघर काही विजेचे बांधलेले नाही. पण रायबोसोम प्रथिने तयार करतो आणि तो स्वतःही प्रथिनांचाच असतो. मग रायबोसोमला कोण घडवतो?”

प्रश्न मार्मिक होता. पाठ्यपुस्तकात याचे उत्तर एका ओळीत असते: केंद्रकी रायबोसोम तयार करते. ओळ खरी आहे, पण त्या ओळीने बाईंचे समाधान होणार नव्हते, आणि व्हायलाही नको होते.

प्रथम एक दुरुस्ती. रायबोसोम निव्वळ प्रथिनांचा नसतो. वजनाने पाहिले तर त्यात आरएनएचा वाटा निम्म्याहून अधिक असतो, आणि अमिनो आम्ले एकमेकांना जोडण्याचे मुख्य काम हा आरएनएच करतो. रायबोसोमची रचना उलगडणाऱ्या वेंकटरामन रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ व अदा योनाथ यांना २००९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यांच्या व इतरांच्या कामातून हे स्पष्ट झाले. माणसाच्या रायबोसोममध्ये आरएनएचे चार रेणू आणि सुमारे ८० प्रथिने असतात. त्यांचे एक मोठे आणि एक लहान असे दोन भाग असतात. प्रथिन विणताना हे भाग एकत्र येतात आणि काम संपले की सुटे होतात.

आता हे सारे कोठे जुळते ते पाहू. चारांपैकी तीन आरएनए एकाच लांब धाग्यातून निघतात. सुमारे तेरा हजार दुव्यांच्या या धाग्याचा नमुना आपल्या १३, १४, १५, २१ आणि २२ या क्रमांकांच्या गुणसूत्रांवर असतो. एकदा नव्हे, तर शेकडो वेळा लिहून ठेवलेला. आईकडून आलेली पाच व वडिलांकडून आलेली पाच अशा दहा गुणसूत्रांवरील या जागांभोवती केंद्रकी उभी राहते. मक्याच्या पेशीत अशी जागा बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी १९३४ सालीच दाखवून दिली होती.

प्रथिनांची वाट मात्र उलटी आहे. ती केंद्रकाबाहेर, पेशीद्रवात, जुन्या रायबोसोमवर तयार होतात. मग केंद्रकाच्या आवरणातील छिद्रांतून आत शिरतात, केंद्रकीत पोचतात, आरएनएवर बसतात, आणि अर्धवट जुळलेले दोन्ही भाग पुन्हा त्याच छिद्रांतून बाहेर जातात. शेवटचा हात बाहेर फिरतो. म्हणजे नवा रायबोसोम घडवायला जुना लागतोच. आपल्या घरातील दह्याचेही तसेच नाही का? आजचे दही कालच्या विरजणाने लागते.

मग पहिले विरजण कोणी दिले? आईने. बीजांडात आईचे रायबोसोम भरलेले असतात. याचा पुरावा बेडकांनी दिला. आफ्रिकेतील एका नखवाल्या बेडकाच्या जातीत केंद्रकीच नसलेले गर्भ सापडले होते. डोनाल्ड ब्राउन व जॉन गर्डन यांनी १९६४ साली दाखवले की हे गर्भ रायबोसोमचा आरएनए तयारच करू शकत नाहीत. तरीही ते वाढतात, त्यांना डोके फुटते, शेपूट येते, बेडूकमासा होतो. एवढे सगळे आईच्या शिदोरीवर! शिदोरी संपली की मात्र ते मरतात. केंद्रकी कशासाठी असते या प्रश्नाचे इतके स्वच्छ उत्तर दुसरे क्वचितच मिळेल.

आता केंद्रकीतील कारागिरांकडे वळू. हे रायबोसोमचा भाग होत नाहीत, ते रायबोसोम घडवतात, आणि त्यांची संख्या घडवल्या जाणाऱ्या प्रथिनांपेक्षा मोठी आहे. माणसाच्या केंद्रकीतील प्रथिनांची पहिली मोठी मोजदाद २००२ साली झाली, तेव्हा २७१ प्रथिने सापडली. २००५ साली हा आकडा सातशेच्या जवळ गेला. त्यांतील दोन-तीन नावे शिक्षकांनी लक्षात ठेवावीत, बाकीची संशोधकांसाठी सोडावीत. फायब्रिलरिन नावाचे प्रथिन नव्या धाग्यावर ठरावीक ठिकाणी मिथिल गट चिकटवते. डिस्केरिन काही दुव्यांचे रूप किंचित बदलते. अशा खुणा शंभर-शंभरांच्या घरात आहेत, आणि नेमकी कोठे खूण करायची हे दाखवायला छोटे आरएनए वाटाड्यासारखे सोबत असतात. तिसरे न्यूक्लिओफॉस्मिन. केंद्रकीच्या बाहेरच्या थरात ते विपुल असते, आणि जुळत आलेले भाग त्याच्यामधून बाहेरच्या वाटेला लागतात.

‘थर’ म्हटले, पण केंद्रकीला आवरण नसते. भिंत नाही, दार नाही; तरी सगळे कारागीर जागच्या जागी कसे राहतात? याचा समाधानकारक उलगडा अलीकडचा आहे. क्लिफर्ड ब्रँगविन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली बेडकाच्या अंडपेशीत पाहिले की दोन केंद्रकी एकमेकींना टेकल्या तर पाण्याचे थेंब मिसळावेत तशा मिसळून एकच होतात. २०१६ साली असे दिसले की फायब्रिलरिन आणि न्यूक्लिओफॉस्मिन हे तेल-पाण्यासारखे एकमेकांत न मिसळणारे थेंब करतात, आणि एक दुसऱ्याच्या पोटात बसतो. थर आपोआप पडतात ते असे. आम्ही शिक्षकांना आठवडी बाजाराची उपमा दिली. बाजाराला भिंत नसते. माणसे जमली की मासळीवाल्या एका बाजूला आणि भाजीवाले दुसऱ्या बाजूला आपोआप बसतात, आणि माणसे उठली की उरते ते मोकळे मैदान. पेशीविभाजनात गुणसूत्रे आखडू लागली की केंद्रकी नाहीशी होते आणि विभाजन संपताना पुन्हा जमते. मुलांना कांद्याच्या मुळाच्या टोकाची पेशी दाखवताना ही गोष्ट आपण सांगतोच, पण ‘नाहीशी होते’ म्हणजे नष्ट होत नाही, बाजार उठतो, हे सांगायचे राहून जाते.

बाजारातला माणूस आपली जागा सोडून गेला तर काय होते? याचे उत्तर रक्ताच्या कर्करोगात मिळाले. २००५ साली इटलीतील ब्रुनॅन्जेलो फालिनी व सहकाऱ्यांनी प्रौढांच्या तीव्र मज्जाजन्य रक्तकर्करोगाच्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांत न्यूक्लिओफॉस्मिन भलत्याच ठिकाणी, पेशीद्रवात, असल्याचे दाखवले. त्याच्या जनुकात बहुधा चारच अक्षरे जास्तीची शिरलेली असतात. तेवढ्याने प्रथिनाचे शेपूट बदलते. केंद्रकीत धरून ठेवणारा भाग जातो आणि केंद्रकाबाहेर नेणारा नवा भाग येतो. शिवाय हे प्रथिन पाच-पाचांच्या जुडीत राहते, म्हणून बिघडलेला आपल्यासोबत चांगल्यालाही बाहेर ओढतो. रायबोसोम कमी पडले म्हणून कर्करोग झाला, असा सरळ हिशोब येथे नाही. या रुग्णपेशींत पेशीला अपक्व ठेवणारी जनुके चालूच राहतात आणि रक्तपेशी मोठ्या होण्याऐवजी नुसत्या वाढत जातात.

हा बदल निरोगी पेशींत नसल्याने तो रोगाची ओळखखूण म्हणून वापरता येतो. आपल्याच रायगड जिल्ह्यात, खारघरला, टाटा स्मारक केंद्राची ‘अ‍ॅक्ट्रेक’ ही संशोधन संस्था व रुग्णालय आहे. उपचारांनंतर रुग्णाच्या शरीरात रोग किती शिल्लक आहे हे न्यूक्लिओफॉस्मिनच्या जनुकातील या बदलावरून मोजण्याचे काम तेथील संशोधकांनी केले आहे. सूक्ष्मदर्शकाला रक्त स्वच्छ दिसत असतानाही ही खूण सापडू शकते, आणि पुढचा उपचार कोणता हे ठरवताना तिचा उपयोग होतो. भिवपुरीच्या शिक्षकांना ही माहिती केंद्रकीच्या बाकी सर्व माहितीपेक्षा जवळची वाटली. एकांच्या नात्यात असा रुग्ण होता, आणि अहवालावरील ‘एनपीएम १’ या अक्षरांचा अर्थ त्यांना त्या दिवशी कळला.

केंद्रकीचे आणखी एक काम ओझरते सांगतो. रायबोसोमची जुळणी अडली की जागा न मिळालेली दोन प्रथिने, त्यांच्या जोडीच्या छोट्या आरएनएसह, पी-५३ या पहारेकरी प्रथिनाला मोडणाऱ्या विकराला अडवतात. पहारेकरी वाढतो आणि पेशीचे विभाजन थांबते. कारखान्यातील घोळ असा साऱ्या पेशीला कळतो. अ‍ॅक्टिनोमायसिन-डी हे जुने कर्करोगविरोधी औषध अल्प मात्रेत दिले तर केंद्रकीतील आरएनएची निर्मितीच बंद पाडते.

दुपारी सूक्ष्मदर्शक लावले. कांद्याच्या पातळ पापुद्र्यावर आयोडीनचे द्रावण टाकल्यावर पिवळसर केंद्रकात एक-दोन ठळक ठिपके दिसले. मग गालाच्या आतील पेशी मिथिलीन ब्लूने रंगवल्या. माणसाची केंद्रकी पाहायची सर्वांना उत्सुकता होती. केंद्रक निळे, सुरेख दिसले. ठिपका मात्र कोणालाच दिसेना. आरसा फिरवून झाला, भिंगे पुसून झाली. दोष सूक्ष्मदर्शकाचा नव्हता. गालाच्या वरच्या थरातील पेशी झडायला आलेल्या असतात, त्यांनी प्रथिने करण्याचे काम जवळपास आवरलेले असते, आणि त्यांचे केंद्रक आक्रसलेले असते. वेगाने वाढणाऱ्या मानवी पेशीत दर मिनिटाला रायबोसोमचे सुमारे साडेसात हजार भाग तयार होतात असा अंदाज आहे. तेथे केंद्रकी ठळक असते. कर्करोगाच्या पेशीत ती फुगलेली दिसते, आणि विकृतिशास्त्रज्ञ चांदीच्या क्षारांनी रंगवून ती आजही पाहतात.

बाईंनी वहीत दोन चित्रे शेजारी-शेजारी काढली, एक ठिपक्याचे आणि एक बिनठिपक्याचे. वर्गात दोन्ही दाखवणार आणि फरक का, हे मुलांनाच विचारणार, असे त्या म्हणाल्या. आम्ही त्यांना एवढेच सुचवले की आदल्या आठवड्यात एक कांदा पाण्याच्या पेल्यावर ठेवावा, म्हणजे मुळाचे कोवळे टोकही हाताशी राहील.