सामना बरोबरीत सुटला, छातीवरचा भार तसाच

इंग्लंडमध्ये रात्री आठला सुरू होणारा फुटबॉलचा सामना आपल्याकडे उन्हाळ्यात साडेबाराला आणि हिवाळ्यात दीडला सुरू होतो. तिकडे मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळाचे काटे तासभर पुढे करतात, ऑक्टोबरअखेर पुन्हा मागे घेतात, म्हणून हा फरक. देहूरोडच्या फुटबॉलवेड्या पोरांना हा हिशेब तोंडपाठ असतो. सकाळी सहाला कंपनीची बस गाठायची असते, त्यामुळे त्या एका तासाची किंमत त्यांना चांगलीच ठाऊक असते.

2 मे 2016 चा सोमवार संपून मंगळवार लागला होता. साडेबाराला लंडनच्या स्टॅमफर्ड ब्रिज मैदानावर चेल्सी आणि टॉटनहॅम यांचा सामना सुरू झाला. आम्ही पाच-सहा जण शेजारच्या भाऊंकडे जमलो होतो. कूलर घरघरत होता, दारे-खिडक्या सताड उघड्या होत्या आणि उकाडा तरी हटत नव्हता. भाऊंचा मुलगा चेल्सीचा कट्टर चाहता. त्याला डिवचायचे म्हणून भाऊ टॉटनहॅमच्या बाजूने. वय पन्नाशीच्या आतबाहेर, चाकणच्या एका कारखान्यात नोकरी, त्या आठवड्यात फर्स्ट शिफ्ट.

फुटबॉलशी फारसा संबंध नसलेल्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. त्या वर्षी इंग्लिश प्रीमियर लीगच्या विजेतेपदाच्या शर्यतीत दोनच संघ उरले होते, लेस्टर सिटी आणि टॉटनहॅम. हंगामाच्या सुरुवातीला लेस्टर जिंकेल यावर सट्टेवाले एकास पाच हजार असा भाव देत होते, म्हणजे कुणाचाच त्यावर विश्वास नव्हता. आदल्याच दिवशी लेस्टरने मँचेस्टर युनायटेडशी 1-1 अशी बरोबरी साधली होती. आता टॉटनहॅमने चेल्सीला हरवले तरच शर्यत चालू राहणार होती. बरोबरी झाली तरी विजेतेपद लेस्टरला.

35 व्या मिनिटाला हॅरी केनने गोल केला, 44 व्या मिनिटाला सन ह्युंग-मिनने. मध्यंतराला टॉटनहॅम 2-0 ने पुढे. भाऊंनी मुलाच्या पाठीत धपाटा घातला. 58 व्या मिनिटाला गॅरी केहिलने एक गोल फेडला आणि मैदानाचा नूरच पालटला. धक्काबुक्की, वादावादी. टॉटनहॅमच्या नऊ आणि चेल्सीच्या तीन खेळाडूंना पिवळी कार्डे मिळाली. 83 व्या मिनिटाला एडन हॅझार्डने चेंडू वळवून वरच्या कोपऱ्यात घातला. 2-2.

पोरगा ओरडत अंगणात पळाला. भाऊ मात्र खुर्चीत मागे रेलले आणि तळहात छातीवर दाबून बसले.

वहिनींनी विचारले, “अहो, घाम का आलाय एवढा?”

“मे महिना आहे. आणि पित्तही झालंय. रात्रीची मिसळ जरा जास्तच झाली.”

सोड्याचे पाकीट पाण्यात घालून ते प्यायले आणि शेवटची शिट्टी होईपर्यंत बसून राहिले. आम्हीही बसलो. आज लिहिताना ही गोष्ट खटकते. सहा शहाणीसुरती माणसे खोलीत होती, आणि उरलेली काही मिनिटे सगळ्यांचे डोळे पडद्यावर होते.

पहाटे सहाला बस थांब्यावर भाऊ उभ्या-उभ्या खाली बसले. डावा खांदा आणि जबडा दुखत होता, कपडे घामाने ओले. बसमधल्या सहकाऱ्यांनी पंचिंगचा विचार न करता त्यांना रिक्षात घालून पिंपरीत रुग्णालयात नेले. हृदयाच्या एका धमनीत गुठळी होती. सकाळीच अँजिओप्लास्टी झाली. भाऊ वाचले. ही हकिकत त्यांच्या संमतीने सांगतो आहे.

सामन्यामुळे झटका आला असे म्हणणे सोपे आहे, पण ते पुरते खरे नाही. भाऊंना तंबाखू होती, रक्तदाब होता आणि त्याची गोळी आठवण झाली तरच घेतली जात होती. धमनीत मेदाचा थर साचायला वर्षे लागतात, नव्वद मिनिटे नव्हेत. मग त्या रात्रीचा वाटा किती? संशोधकांनी या प्रश्नाच्या मागे बरेच काम केले आहे.

सर्वांत गाजलेला अभ्यास म्युनिकचा. 2006 चा विश्वचषक जर्मनीत झाला, तेव्हा म्युनिक आणि परिसरातील तातडीच्या हृदयरुग्णांच्या नोंदी डॉक्टरांनी तपासल्या. जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी असे रुग्ण एरवीच्या 2.66 पट आढळले. पुरुषांत हे प्रमाण 3.26 पट, स्त्रियांत 1.82 पट. सर्वाधिक रुग्ण सामना सुरू झाल्यापासून पहिल्या दोन तासांतले. आणि एक आकडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्या दिवसांच्या रुग्णांपैकी 47 टक्क्यांना हृदयधमन्यांचा विकार असल्याचे आधीच माहीत होते, एरवीच्या दिवसांत हे प्रमाण सुमारे 29 टक्के होते. म्हणजे सामन्याने ज्यांना गाठले त्यांतल्या जवळपास निम्म्यांच्या फायलीत धोक्याची नोंद होती.

त्याआधी, 1998 च्या विश्वचषकात इंग्लंड आणि अर्जेंटिना यांचा सामना 2-2 असा बरोबरीत राहिला आणि पेनल्टीवर इंग्लंड हरले. त्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस इंग्लंडमध्ये हृदयविकाराच्या झटक्याने रुग्णालयात दाखल होणाऱ्यांची संख्या 25 टक्क्यांनी वाढली होती. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. इटलीत 2002, 2004 आणि 2006 या तीन मोठ्या स्पर्धांच्या काळातल्या नोंदी पाहिल्या, तेव्हा अशी वाढ दिसली नाही. शिवाय हे सगळे अभ्यास आपल्याच देशाचा संघ खेळत असतानाचे आहेत. सात हजार किलोमीटर दूरच्या क्लबसाठी देहूरोडचा माणूस तितकाच जीव टाकतो का? भाऊंच्या घरी त्या रात्री असते तर हा प्रश्न कुणी विचारला नसता.

शरीरात नेमके काय होते, याचे चांगले मोजमाप कॅनडातील माँट्रियलमध्ये झाले आहे. खेळ होता आइस हॉकी. हृदयविकार नसलेल्या 20 प्रौढांना नाडी मोजणारे यंत्र लावले. घरी टीव्हीवर सामना पाहताना त्यांची नाडी सरासरी 75 टक्क्यांनी वाढली, प्रत्यक्ष मैदानात पाहताना 110 टक्क्यांनी. म्हणजे विश्रांतीत 70 ठोके पडत असतील, तर सोफ्यावर बसल्या-बसल्या सव्वाशेच्या आसपास. झपाझप चालताना पडतात तेवढे, पण पाय मात्र हललेले नाहीत. सर्वांत जोराची धडधड कधी? गोल होण्याची संधी आली तेव्हा, मग ती आपल्या संघाची असो की समोरच्या. आणि बरोबरी फुटत नसल्याने जादा वेळ चालू असतो तेव्हा.

अटीतटीची बरोबरी हृदयाला जड जाते ती यामुळे. एकतर्फी सामन्यात अर्ध्या तासात माणूस निवांत होतो, मोबाइल बघू लागतो. 2-2 असताना दोन्हीकडच्या माणसांना शेवटच्या सेकंदापर्यंत उसंत नसते. मेंदूला धोका दिसला की मूत्रपिंडांच्या डोक्यावरच्या ग्रंथी अ‍ॅड्रेनलिन सोडतात. नाडी वाढते, रक्तदाब चढतो, रक्तवाहिन्या आवळतात, रक्त गोठण्याकडे झुकते. जखम झाली तर रक्त वाहून जाऊ नये, ही मूळची सोय. निरोगी धमनी हे सहज सोसते. आतल्या थराला आधीच तडा गेला असेल तर वाढलेल्या दाबाने तो फुटू शकतो, त्यावर गुठळी धरते आणि हृदयाच्या त्या भागाचे रक्त अडते.

आपल्याकडे ही भीती लवकर सुरू होते. ‘इंटरहार्ट’ या अनेक देशांत झालेल्या अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका सरासरी 53 व्या वर्षी आला होता, इतर देशांत 58.8 व्या. म्हणजे नोकरीची वर्षे शिल्लक असतानाच, पाळीत असतानाच.

आता झोपेचे. ही बाजू मला सामन्याइतकीच, कदाचित जास्त, गंभीर वाटते.

सामना अडीचच्या सुमारास संपतो. टीव्ही बंद केला म्हणून शरीर लगेच बंद होत नाही. चढलेले अ‍ॅड्रेनलिन उतरायला वेळ लागतो आणि अकराला घेतलेल्या चहातले निम्मे कॅफिन पहाटेपर्यंत रक्तात असते. तीनला डोळा लागला आणि सव्वापाचला गजर वाजला, तर हाती जेमतेम सव्वादोन तास. त्यात सकाळी सहा ते दुपारी बारा या वेळेत हृदयविकाराचे झटके एरवीपेक्षा जास्त येतात, हे 1980 च्या दशकापासून माहीत आहे, कारण उठताना रक्तदाब आणि ताणाची संप्रेरके नैसर्गिकरीत्याच चढतात. भाऊ बस थांब्यावर कोसळले ती वेळ नेमकी हीच.

एक तासाची झोप गेली तर काय होते, याचा अंदाज घड्याळ पुढे करणाऱ्या देशांतूनच मिळतो. अमेरिकेतील मिशिगन राज्यात वसंत ऋतूत काटे पुढे केल्यानंतरच्या सोमवारी हृदयविकाराच्या झटक्यांचे रुग्ण 24 टक्क्यांनी जास्त आढळले. गंमत अशी, की त्या आठवड्याची एकूण संख्या वाढली नव्हती. जे झटके पुढच्या दिवसांत आले असते, ते सोमवारी आले. भरलेल्या घड्याला धक्का लागावा तसे.

आणि हृदय ठणठणीत असलेल्या पंचविशीतल्या पोराचे काय? त्याचा धोका रस्त्यावर आहे. सलग 17 तास जागा राहिलेला माणूस रक्तात 0.05 टक्के मद्य असलेल्या माणसाइतका मंद होतो, हे 1997 मध्ये ऑस्ट्रेलियातील प्रयोगात दिसले. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा 0.03 टक्के आहे. सकाळी सव्वापाचला उठलेला तरुण सामना संपताना 21 तास जागा असतो. दोन तास डुलकी काढून तो तळवड्याहून निघोजे-महाळुंगेच्या दिशेने दुचाकी काढतो, कंटेनरच्या रांगांमधून. पोलिसांच्या यंत्रात फुंकर मारली तर काहीच येणार नाही.

मग सामना पाहूच नये का? मी असे सांगणार नाही. मला स्वतःला जमलेले नाही. हंगामातल्या ज्या दोन-चार रात्री खरोखर महत्त्वाच्या आहेत त्या निवडाव्यात आणि दुसऱ्या दिवशीची शिफ्ट आधीच बदलून घ्यावी. संध्याकाळी दीड तास झोप काढली तर मोठा फरक पडतो. शनिवारी इंग्लंडात दुपारी तीनला सुरू होणारे सामने आपल्याकडे साडेसात किंवा साडेआठला येतात, त्यांच्यावर भागवता येते. रक्तदाबाची, मधुमेहाची गोळी चुकवू नये. सिगारेट, तंबाखू आणि ताण एकत्र आले की धमनी दुहेरी आवळते. ज्यांना आधी झटका येऊन गेला आहे किंवा चालताना छाती भरून येते, त्यांनी रात्रीच्या जागरणाबद्दल आपल्या डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावे, यात हसण्यासारखे काही नाही.

छातीच्या मध्यभागी दाब किंवा आवळल्यासारखे वाटणे, ते खांद्यात, हातात, जबड्यात किंवा पाठीत उतरणे, थंड घाम, मळमळ, दम लागणे, यातले काही झाले तर स्कोअर कितीही असो, 108 ला फोन करायचा. स्त्रियांत आणि मधुमेहींत दुखण्याऐवजी नुसता थकवा आणि अस्वस्थताही असू शकते. दुचाकीवर मागे बसवून नेऊ नये. सोडा पिऊन वाट पाहू नये. पित्त आणि हृदय यांतला फरक घरी बसून डॉक्टरलाही सांगता येत नाही, त्याला ईसीजी लागतो.

माणूस कोसळला, हाक मारून उठत नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके देतो आहे, तर ती वेगळी गोष्ट. तेव्हा हृदयाचे पंपिंगच थांबलेले असते आणि प्रत्येक मिनिट मोलाचे असते. एकाने 108 लावायचा, दुसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून जोरात, सुमारे पाच सेंटीमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा दाबत राहायचे, मदत येईपर्यंत. 17 मार्च 2012 रोजी लंडनमध्ये टॉटनहॅम आणि बोल्टन यांचा चषक सामना 1-1 असताना बोल्टनचा 23 वर्षांचा फॅब्रिस मुआम्बा मैदानात पडला. त्याचे हृदय 78 मिनिटे स्वतःहून धडधडले नाही. मैदानावरच छाती दाबायला सुरुवात झाली आणि प्रेक्षकांत बसलेला एक हृदयरोगतज्ज्ञ मदतीला धावत आत आला. सामना तिथेच थांबवला गेला. मुआम्बा पुन्हा कधी व्यावसायिक फुटबॉल खेळला नाही, पण तो जगला.

भाऊंनी तंबाखू सोडली. साडेबाराचे सामने ते आता थेट पाहत नाहीत. सकाळी चहा घेताना मुलगा मोबाइल हातात धरून विचारतो, “सांगू का स्कोअर?”

आतून वहिनींचा आवाज येतो, “आधी गोळी घ्या.”