उजळणी करताना मण्यार विसरू नका

एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला असलेली आपली मुलंमुली सुट्टीत गावी येतात, तेव्हा दप्तरात जाडजूड पुस्तकं असतात. अशा विद्यार्थ्यांना आम्ही या वेळी एकच धडा सुचवतो आहोत: सर्पदंश. डिंगोरे गाव ओतूरहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. इथल्या शेतमजुराच्या घरात वाढलेल्या मुलाला या धड्यातलं निम्मं आधीच ठाऊक असतं. पेपरात ते शास्त्राच्या भाषेत मांडायचं, एवढंच.

प्रश्न असा येतो. पहाटे पोटात दुखतं म्हणून बाई दवाखान्यात आणली. पापण्या मिटू लागल्यात, गिळता येत नाही. अंगावर जखम दिसत नाही. रात्री ती जमिनीवर झोपली होती. शहरातला विद्यार्थी पोटाचे आजार आठवत बसतो. आपल्या पोरांनी पहिलं नाव मण्यारचं घ्यावं. तिचा दंश बहुधा दुखत नाही, सुजत नाही, खूणही सापडत नाही. विष नसा आणि स्नायूंच्या जोडावर काम करतं, आणि श्वास थांबतो म्हणून माणूस जातो. प्रतिविषाइतकंच श्वास चालू ठेवणं महत्त्वाचं आहे, हे उत्तरात लिहायला विसरू नका. नागाचं विषही नसांवरच, पण तिथे वेदना आणि सूज असते. निओस्टिग्मिनचा उपयोग नागाला बरा होतो, मण्यारला फारसा नाही. तोंडी परीक्षेत हा फरक हमखास विचारण्यासारखा आहे.

घोणस आणि फुरसे रक्त गोठू देत नाहीत. त्यासाठीची चाचणी गावच्या आरोग्य केंद्रातही होते: कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग नळी कलती करायची. रक्त वाहिलं तर गोठण बिघडली. नळी प्लॅस्टिकची किंवा साबणाने धुतलेली असेल तर निकाल फसवा येतो. प्रतिविष दिल्यावर हीच चाचणी सहा तासांनी परत करतात, कारण गोठण्याचे घटक पुन्हा तयार करायला यकृताला तेवढा वेळ लागतो. कारण समजलं की आकडा पाठ करावा लागत नाही.

ही विद्या फक्त मोठ्या शहरांतून आलेली नाही. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपयोग ग्रामीण रुग्णांवरच्या कामातून दाखवला. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्या जुन्नर तालुक्यात नारायणगावला डॉ. सदानंद राऊत यांनी सर्पदंशाच्या रुग्णांसाठी वर्षानुवर्षे काम केलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत वरचं स्थान दिलं ते 2017 साली. मरणारे बहुतेक गरीब, शेतात राबणारे. उशीर का झाला, ते वेगळं सांगायला नको.

घरच्यांनाही दोन गोष्टी या मुलांनीच समजावाव्यात. दोरी आवळू नये, चिरा देऊ नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. चावलेला हात किंवा पाय न हलवता थेट दवाखाना गाठावा.

आणखी एक नेहमीचा प्रश्न. लहान मुलाला प्रतिविष किती? वजनावर मोजायचं नाही. मोठ्या माणसाइतकंच, सुरुवातीला साधारण दहा कुप्या. कारण सापाने सोडलेलं विष मूल लहान म्हणून कमी नसतं. ॲड्रेनॅलिन मात्र आधी भरून हाताशी ठेवायचं, आणि त्याचा डोस वजनावरच.