बाजीचा गुन्हा काय?

लक्ष्मीपूजनाची रात्र होती. पूजा आटोपून मी अनारशाचा पहिला तुकडा तोंडात टाकतो न टाकतो तोच मधल्या खोलीतून सौ.चा आवाज आला, "अहो, आधी इकडे या. तुमच्या लाडक्याने काय करून ठेवलंय ते पाहा!"

जाऊन पाहतो तो दाराचा खालचा भाग नखांनी ओरबाडून निघालेला, मुलांच्या नव्या कपड्यांवर घाण झालेली, आणि पलंगाखालच्या कोपऱ्यात आमचा बाजी अंग चोरून बसलेला. कान मागे पाडलेले, शेपटी पोटाखाली, नजर जमिनीला खिळलेली. "पाहा, आपलं चुकलंय हे लबाडाला कसं बरोबर कळतं!" असे म्हणत मी छडी हातात घेतली आणि दोन तडाखे दिले.

हे लिहिताना आज मला शरम वाटते. पण सांगणे भाग आहे, कारण हा लेख त्या छडीतूनच जन्मला आहे. मी पेशाने मराठीचा मास्तर. शब्दांमागचा अर्थ कसा ओळखावा हे मुलांना शिकवण्यात माझे आयुष्य चालले आहे. आणि माझ्याच घरातला एक जीव सर्वांगाने काही सांगत होता, ते मला वाचता आले नाही!

धनगराचे बोल

बाजी आमच्याकडे आला तेव्हा दोन महिन्यांचा होता. मंगळवेढ्याकडच्या एका धनगराने तो दिला. जात कारवानी. लांब पाय, आत गेलेले पोट, निमुळते तोंड आणि वाऱ्यासारखी धाव. आपल्या सोलापूर-सांगलीच्या माळावर ही जात पिढ्यान्‌पिढ्या वाढली आहे. सीमेपलीकडे कर्नाटकात हिलाच मुधोळ म्हणतात. मुधोळचे संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी ती नावारूपाला आणली, आणि २००५ साली आपल्या टपाल खात्याने देशी कुत्र्यांची तिकिटे काढली तेव्हा त्यांत मुधोळलाही मान मिळाला.

पिलू हाती देताना धनगर म्हणाला होता, "मास्तर, हे जात्या हळवं जनावर हाय. जीव लावला तर जीव दिल. पर मारून-मुटकून ऐकायचं न्हाई, बघा."

मी मान हलवली. आपण शिकलेली माणसे अशा वेळी मान हलवतो आणि ऐकत मात्र नाही.

त्या पहिल्या दिवाळीनंतर संक्रांत आली. सोलापूरकरांना सांगायला नको, संक्रांत म्हणजे सिद्धरामेश्वरांची गड्डा यात्रा. नंदीध्वजांची मिरवणूक, अक्षता सोहळा, आणि मग होम मैदानावरचे शोभेचे दारूकाम. आम्ही सारे गच्चीवर उभे राहून आकाशातली फुले पाहत होतो आणि खाली बाजी पुन्हा तेच करीत होता. पुन्हा छडी निघाली. त्यानंतर तो कुकरच्या शिट्टीला दचकू लागला. पुढे पुढे तर काडेपेटी ओढल्याचा आवाज झाला की पलंगाखाली पळू लागला.

आणि माघ महिन्यात एके दिवशी, शेजारच्या लग्नाच्या वरातीत फटाके लागले असताना, आमच्या नऊ वर्षांच्या मुलीने त्याला बाहेर ओढण्यासाठी पलंगाखाली हात घातला. तो गुरगुरला. तिने हात काढला नाही. त्याचा दात तिच्या मनगटाला लागला.

जखम लहान होती. साबण लावून नळाखाली ती पंधरा मिनिटे धुतली, डॉक्टरांकडे जाऊन इंजेक्शनेही सुरू केली. (बाजीला लस टोचलेली होती, तरीही घरच्या कुत्र्याचा दात लागला तर यात हयगय करू नये.) पण घरातली हवा बदलली. आई म्हणाली, "उद्याच्या उद्या त्याला ज्याचा त्याला देऊन टाक. पोरीच्या जिवापेक्षा कुत्रं मोठं नाही." आईचे चुकत नव्हते. मुलगी मात्र रडून रडून सांगत होती, "तो मला चावला नाही, तो घाबरला होता!"

घरात शहाणे असे तेवढेच एक माणूस होते.

अपराध्याचा चेहरा

निरोप देण्यापूर्वी एकदा दाखवावे म्हणून त्याला पशुवैद्यांकडे नेले. त्यांनी सारी हकीकत ऐकून घेतली आणि एकच प्रश्न विचारला, "मारल्यावर त्याची भीती कमी झाली की वाढली?"

मी म्हणालो, "पण डॉक्टर, त्याला आपली चूक कळते. मी आलो की लगेच तोंड लपवतो."

ते हसले आणि त्यांनी मला एका प्रयोगाची गोष्ट सांगितली. अमेरिकेत अलेक्झांड्रा होरोविट्झ नावाच्या विदुषीने २००९ साली तो प्रसिद्ध केला. चौदा कुत्री घेतली. मालकाने कुत्र्यासमोर खाऊ ठेवायचा, 'खायचे नाही' असे बजावायचे आणि खोलीबाहेर जायचे. परत आल्यावर मालकाला कधी खरे सांगितले जाई, कधी खोटे. म्हणजे काही वेळा कुत्र्याने खाऊला तोंडही लावलेले नसे, तरी मालक त्याला रागावे. आढळले असे की, तो 'अपराधी' चेहरा कुत्र्याने खाल्ले की नाही यावर मुळीच अवलंबून नव्हता. मालक रागावला की नाही यावर होता. उलट ज्यांनी काहीच केले नव्हते आणि तरी बोलणी खाल्ली, त्यांचाच चेहरा अधिक पडलेला दिसला.

वाचकहो, हे ऐकून मला त्या रात्रीचा पलंगाखालचा बाजी आठवला. ज्याला मी पश्चात्ताप समजलो, ती माझ्या हातातल्या छडीची भीती होती. आधी आकाश फुटत होते म्हणून तो भ्याला. मग आपला माणूसच मारायला उठला म्हणून भ्याला. आता सांगा, गुन्हा कोणाचा?

लेनिनग्राडचा पूर

पाव्हलोव्हचे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. खाण्याआधी ठराविक आवाज ऐकवीत गेले की पुढे नुसत्या आवाजानेच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, हा त्याचा प्रयोग. पण त्याच्याच प्रयोगशाळेत १९२४ साली जे घडले ते फारसे कोणाला ठाऊक नसते. त्या वर्षी लेनिनग्राडला महापूर आला आणि पिंजऱ्यांतल्या कुत्र्यांभोवती पाणी चढले. माणसांनी मोठ्या कष्टाने त्यांना पोहवत बाहेर काढले. सारी वाचली, पण त्यांतली काही पूर्वीची राहिली नाहीत. शिकलेले विसरली, सैरभैर झाली. त्यांपैकी एक कुत्रा बरा झाला असे वाटत असताना दाराच्या फटीतून पाण्याचा नुसता ओघळ आत सोडून पाहिला, तर तो पुन्हा कासावीस झाला.

आमच्या बाजीची काडेपेटी म्हणजे तो पाण्याचा ओघळ. भीती अशी पसरत जाते. बॉम्बची भीती काडीला चिकटते, काडीची देवघराला, आणि छडी उगारणाऱ्या हाताची भीती कुरवाळायला आलेल्या हातालाही चिकटते.

शिवाय आपल्याला जे ऐकू येते त्याहून पुष्कळ अधिक त्याला ऐकू येते. माणसाचा कान सेकंदाला सुमारे वीस हजार कंपनांपर्यंत ऐकतो. कुत्र्याचा त्याच्या दुपटीहून अधिक. आणि आज दिवाळी आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते!

औषध छडीचे नव्हे

पशुवैद्यांनी आम्हाला आठ महिन्यांचा क्रम आखून दिला. तो येथे देतो, कारण पुष्कळ घरांना उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, जागा. जिन्याखाली एक कोनाडा होता. तेथे जुनी चादर आणि माझा एक न धुतलेला सदरा घातला, तोंडावर जाड पडदा सोडला. नियम असा की, बाजी तेथे गेला की घरातल्या कोणीही त्याला हात लावायचा नाही, ओढायचे नाही, हाकही मारायची नाही.

दुसरी, कानाला सवय. फटाक्यांचा ध्वनिमुद्रित आवाज इतका हळू लावायचा की बाजीने कानही टवकारू नये, आणि त्याच वेळी उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्यायचा. दिवसातून पाच मिनिटे. आठवड्या-आठवड्याने आवाज तसूभर वाढवायचा. तो दचकला तर पुन्हा मागे यायचे. फाल्गुनात सुरुवात केली ती आश्विनापर्यंत. यात घाई केली की केलेले सारे पाण्यात जाते. काडेपेटीचेही तसेच: काडी ओढली की तुकडा.

तिसरी, धाव. माळावर वाढलेली जात आम्ही दोन खोल्यांत बांधून ठेवली होती. मी पहाटे त्याला मोकळ्या मैदानावर नेऊ लागलो. आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात सूर्य वर आल्यावर कुत्र्याला डांबरी रस्त्यावर नेणे म्हणजे तव्यावर चालवणे होय. आपल्या हाताची पालथी बाजू रस्त्यावर पाच सेकंद टेकवून पाहावी. आपल्याला सोसत नसेल तर त्यालाही सोसत नाही. माणसासारखा घाम त्याला येत नाही. धापा टाकूनच त्याला अंग निववावे लागते.

चौथी, शिक्षा बंद, शाबासकी वेळेवर. चांगले वागल्याचे बक्षीस त्याच क्षणी द्यावे. तासाभराने दिलेले बक्षीस किंवा शिक्षा कशाबद्दल आहे हे जनावराला कळत नाही. "भ्यालेल्याला कुरवाळले तर तो लाडावून आणखी भितो" असे पुष्कळ लोक सांगतात, तेही खरे नाही. तो जवळ आला तर खुशाल जवळ घ्यावे. फार भिणाऱ्या कुत्र्यांसाठी औषधेही असतात, पण ती पशुवैद्यांनीच द्यावीत. घरातल्या माणसांच्या गोळ्या आपल्या मनाने कधीही देऊ नयेत.

ज्यांच्या घरी पिलू येणार असेल त्यांना आणखी एक सांगतो. अमेरिकेतल्या स्कॉट आणि फुलर या दोघा शास्त्रज्ञांनी पिलांच्या वाढीचा वर्षानुवर्षे अभ्यास करून १९६५ साली ग्रंथ लिहिला. त्याचे सार असे की, तिसऱ्या आठवड्यापासून सुमारे बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिलाच्या मनाचा पाया घालतो. त्या दिवसांत भांड्यांचा आवाज, लहान मुले, पाहुणे, रिक्षा यांची गोडीगुलाबीने ओळख झाली तर पुढे ते सहसा बुजत नाही.

मांजर आणि पोपट

मांजराचे दु:ख तर त्याहून मुके. ते कुत्र्यासारखे माणसाला धरून राहत नाही, जागेला आणि वासाला धरून राहते. घर बदलले, रंगकाम निघाले, नवे बाळ आले की ते भलत्याच ठिकाणी घाण करू लागते. ते सूड उगवीत नसते. हरवलेले घर शोधीत असते. त्याला काही दिवस एकच खोली, त्याचे जुने अंथरूण आणि उंचावर बसायला जागा द्यावी.

आणि पोपट? पिंजऱ्यात एकटा पडलेला पोपट स्वत:चीच पिसे उपटू लागतो, हे पुष्कळांनी पाहिले असेल. त्यावर उपाय विचारणाऱ्यांना एवढेच सांगेन की, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपले देशी पोपट घरी पाळायला बंदी आहे. त्याचे घर झाडाच्या ढोलीत आहे, आपल्या व्हरांड्यात नाही.

गेली दिवाळी

आमची दिवाळी वसुबारसेला सुरू होते. सवत्स धेनूची पूजा करून आपण दिवे लावतो. आपल्या शेजारच्या नेपाळात तर नरकचतुर्दशीच्या दिवशी कुत्र्याच्या गळ्यात झेंडूची माळ घालून त्याला टिळा लावतात. आणि स्वर्गाच्या दारात धर्मराजाने ज्याची साथ सोडली नाही, तोही कुत्राच होता. मुक्या जीवाला मान देणे आपल्याला कोणी बाहेरून येऊन शिकवायला नको. मी मात्र तीन दिवस आधी गाईला ओवाळून चौथ्या दिवशी कुत्र्यावर छडी उगारली होती.

गेल्या लक्ष्मीपूजनाला बाजीला संध्याकाळ होण्याआधीच फिरवून आणले, जेवू घातले. खिडक्या लावल्या, पंखा आणि रेडिओ सुरू ठेवला. गल्लीत पहिला बॉम्ब वाजला तेव्हा तो थरथरला; खोटे कशाला सांगू? तो पुरता बरा झालेला नाही, कदाचित होणारही नाही. पण या वेळी त्याने दार ओरबाडले नाही. तो उठला आणि आपल्या पायांनी जिन्याखालच्या कोनाड्यात जाऊन बसला.

आमची मुलगी त्या रात्री फटाके उडवायला गेली नाही. ती पुस्तक घेऊन पडद्याबाहेर बसली आणि मोठ्याने वाचू लागली. नियमाप्रमाणे तिने आत हात घातला नाही. तळहात उताणा करून फक्त जमिनीवर ठेवला. बऱ्याच वेळाने पडदा हलला, एक लांबट तोंड बाहेर आले आणि तिच्या त्याच मनगटावर हनुवटी टेकून राहिले.

आई हे देवघरातून पाहत होती. काही न बोलता ती आत गेली आणि चकलीच्या पिठाची, तिखट न घातलेली, एक गोळी घेऊन आली. "त्याला पण द्या थोडं," ती म्हणाली, "सणाचा दिवस आहे."