वायलं ताट

माझी थोरली आत्या टीबीने आजारी पडली तेव्हा मी पाचवीत होतो. सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडले. त्याच संध्याकाळी आजीने जर्मनची एक थाळी आणि एक तांब्या बाजूला काढला आणि सांगितले, 'हिचं ताट वायलं ठेवा.' आत्या ओसरीच्या कोपऱ्यात जेवायची, आपले ताट आपणच घासायची. आम्ही पोरे तिच्या तांब्याला हात लावत नव्हतो. माझ्या आजोबांनी तरुणपणी गावच्या हॉटेलात बाहेर ठेवलेल्या वेगळ्या कपातून चहा घेतला होता आणि तो कप स्वतः धुऊन परत ठेवला होता. ही गोष्ट ते आम्हाला संतापाने सांगत. आत्याच्या ताटाविषयी मात्र ते काही बोलले नाहीत.

पुढे शिकलो, महाविद्यालयात शिकवू लागलो, तेव्हा कळले की त्या वेगळ्या ताटाला शास्त्राचा कसलाच आधार नव्हता. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी जगापुढे मांडला. हा जंतू हवेतून पसरतो. फुप्फुसाचा क्षय झालेला माणूस खोकतो, शिंकतो, बोलतो तेव्हा जंतू हवेत मिसळतात आणि बंद, दाटीच्या खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. ताट, तांब्या, कपडे किंवा स्पर्श यांतून हा रोग पसरत नाही. आमच्या घरात काय झाले ते पाहा. आत्याचे जेवण ओसरीवर. पण रात्री बिनखिडकीच्या एकाच खोलीत ती आणि आम्ही सातजण झोपत होतो. जिथे धोका होता तिथे आम्ही काहीच केले नाही आणि जिथे नव्हता तिथे विटाळ पाळला.

हा विटाळ आम्ही कोठून शिकलो? ज्या व्यवस्थेने आम्हाला गावकुसाबाहेर ठेवले, तिच्याकडूनच. १९२७ साली महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायलेल्या चळवळीचे आपण वारसदार. त्या वारसदारांच्या घरात आजारी बाईचा तांब्या वेगळा व्हावा, याचा विचार आपण केला पाहिजे.

याविषयीचा एक महत्त्वाचा पुरावा आपल्याच देशातला आहे. १९५६ साली मद्रासमध्ये क्षयाच्या औषधोपचारांवर संशोधन करणारे केंद्र सुरू झाले. तेथे काही गरीब रुग्णांना आरोग्यधामात, तर काहींना दाटीवाटीच्या घरीच ठेवून औषधे दिली गेली. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरी राहून औषध घेणारेही जवळजवळ तितकेच बरे झाले आणि त्यांच्या घरच्यांना त्यामुळे अधिक लागण झाली नाही. रुग्णाला हाकलण्याची गरज नसते, औषध वेळेवर सुरू होण्याची असते. योग्य औषध लागू पडले की साधारण दोन आठवड्यांत लागण देण्याची शक्ती पुष्कळ कमी होते. तोवर खोकताना तोंडावर कापड धरावे, खिडकी-दार उघडे ठेवावे, शक्यतो मोकळ्या हवेत झोपावे.

आत्याचे औषध सुरू झाले होते. पण पहिल्याच आठवड्यात तिला लघवी लाल-नारिंगी झालेली दिसली आणि ती घाबरली. रिफाम्पिसिन या औषधाने लघवीचा रंग बदलतो, त्यात काही धोका नाही, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. तरीही तिने गोळ्या चालू ठेवल्या. दोन महिन्यांत खोकला थांबला, अंगावर मांस चढले. दवाखान्याची वेळ आणि खुरपणीची वेळ एकच. गोळ्या आणायला जावे तर रोजंदारी बुडते. आता बरे वाटते म्हणून तिने गोळ्या सोडल्या. खोकला थांबला म्हणजे जंतू संपले असे नाही. साध्या क्षयाचे औषधही सहा महिने घ्यावे लागते. मध्येच सोडले तर उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात. दीड वर्षाने आजार उलटला. त्यातून आत्या उठली नाही.

आरोग्याची जागृती म्हणजे शहाण्यांनी अडाण्यांना केलेला उपदेश, अशी एक समजूत रूढ आहे. भिंतीवरच्या पाटीवर 'क्षयरोग बरा होतो' एवढे लिहिले की काम झाले! लाल लघवीचे, बुडणाऱ्या मजुरीचे, भुकेचे काय? भूक हे तर या रोगाचे एक मोठे कारण आहे. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुग्णांबरोबर काही घरांतल्या इतर माणसांनाही दरमहा तांदूळ-डाळ दिली गेली. फक्त रुग्णालाच शिधा मिळालेल्या घरांच्या तुलनेत तेथे नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी आढळले. म्हणजे रेशनचा प्रश्न हाही आरोग्याचाच प्रश्न आहे. रुग्णाच्या आहारासाठी सरकारने २०१८ पासून दरमहा ५०० रुपये सुरू केले, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० केले. हे पैसे आपल्या वस्तीतल्या रुग्णाच्या खात्यावर पडतात की नाही, हे विचारणे कार्यकर्त्याचे काम आहे.

आपण काय करावे? दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, घटते वजन, रात्रीचा घाम, थुंकीतून रक्त यांपैकी काहीही दिसले तर त्या माणसाबरोबर सरकारी दवाखान्यात जावे. थुंकीची तपासणी आणि औषध तेथे मोफत असते. घरातल्या इतरांचीही तपासणी करून घ्यावी. शिक्षकांनी हे वर्गात बोलावे, कारण एखाद्या मुलीचे लग्न मोडेल म्हणून तिचा खोकला घरात लपवला जातो. जयंतीच्या मंडपात भाषणांमधला अर्धा तास यासाठी ठेवावा आणि बरा झालेला माणूस तयार असेल तर त्यालाच बोलू द्यावे.

आणि औषध चालू असलेल्या माणसाच्या घरी गेलो, तर त्याच्या घरचा चहा घ्यावा, त्याच्याशेजारी बसून जेवावे. माझ्या आत्याच्या शेजारी आमच्यापैकी कोणीही बसले नाही. मीही बसलो नाही.