सूर्य विजेवर चालतो? दावा तपासायचा कसा?

सूर्याच्या पोटात हायड्रोजनचं हेलियम होत नाही, तो बाहेरून येणाऱ्या विजेवर पेटतो, असं सांगणारे व्हिडिओ तुमच्याही फोनवर आले असतील. असा दावा तपासायचा कसा, हे समजून घ्यायला विजयदुर्ग उपयोगी पडतो.

या किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' आहेत. खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर यांनी 18 ऑगस्ट 1868 च्या ग्रहणात इथूनच हेलियम शोधला, असं सांगतात. प्रत्यक्षात तेव्हा ते इंग्लंडमध्ये होते. विजयदुर्गला ते 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणासाठी आले. ओट्यांचं महत्त्व त्यामुळे कमी होत नाही, पण तारीख तपासलेली बरी.

ऑक्टोबर 1868 मध्ये लॉकयर यांना सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात एक पिवळी रेषा दिसली. ती सोडियमच्या रेषांच्या जवळ होती, पण जुळत नव्हती. हे नवं मूलद्रव्य असावं, हे अनेक रसायनशास्त्रज्ञांना पटलं नाही. 1895 मध्ये विल्यम रॅमसे यांना युरेनियमच्या एका खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेषा सापडली आणि वाद मिटला.

याच लॉकयर यांचा आणखी एक सिद्धांत होता: तारे उल्कांच्या टकरींतून तापतात. पुरावा म्हणून त्यांनी तेजोमेघांतली एक रेषा मॅग्नेशियमची असल्याचं सांगितलं. अधिक काटेकोर मोजमापात ती जुळली नाही. माणूस तोच, साधनही तेच. तिथे त्यांचं नाव कामी आलं नाही.

आता विजेचा दावा. सूर्याच्या गाभ्यात हायड्रोजनचं हेलियम होत असेल, तर न्यूट्रिनो नावाचे कण ठरावीक संख्येत बाहेर पडायला हवेत. अमेरिकेत रे डेव्हिस यांनी सोन्याच्या खाणीत खोलवर ते मोजले, तेव्हा अपेक्षेच्या साधारण एक तृतीयांशच सापडले. प्रचलित सिद्धांतावर शंका घेणाऱ्यांना इथे खरंच जागा होती. ती जवळपास तीन दशकं राहिली. 2001-02 मध्ये कॅनडातल्या सडबरी वेधशाळेने दाखवलं, की न्यूट्रिनो वाटेत प्रकार बदलतात. सगळे प्रकार मिळून मोजले, तर संख्या बरोबर जुळते.

विजेच्या सिद्धांताने अशी संख्या आधी सांगून दाखवलेली नाही. सूर्याला पेटता ठेवेल एवढा प्रवाह बाहेरून येत असता, तर अवकाशयानांना तो दिसला असता. त्यांना दिसतो तो सूर्याकडून बाहेर वाहणारा सौरवात.

पुढचा व्हिडिओ आला, की एवढंच शोधा: यात कुठला आकडा मोजमापाआधी सांगितला होता?